हाडा हाडा, तू कुणाचं?

दोस्ता, हाडाचा एक तुकडा डोळ्यांसमोर आण. तुझ्या खोडरबराएवढा. रंग मातकट, कडा झिजलेल्या. चारशेहून जास्त वर्षं तो कॅनडाच्या एका थंडगार किनाऱ्यावर पडून होता. ओळख पाहू, कोणत्या प्राण्याचा असेल?

नाही ना सांगता येत? अगं, अरे, शास्त्रज्ञांनाही नुसतं बघून सांगता येत नाही! अख्खी कवटी मिळाली तर गोष्ट वेगळी.

पण असली हाडं त्या किनाऱ्यावर आली कशी? बास्क खलाशांमुळे! स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, समुद्राला लागून बास्क लोकांचा मुलूख आहे. देवमाशांच्या शिकारीत ते भलतेच पटाईत. सोळाव्या शतकात ते अख्खा अटलांटिक महासागर ओलांडून कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर जायचे. तिथे भट्ट्या पेटवायच्या, तांब्याच्या मोठ्या कढयांत देवमाशाची चरबी कढवायची आणि तेल पिंपांत भरून घरी न्यायचं. कशाला? दिवे लावायला! भट्ट्यांवरच्या छपरासाठी लाल कौलंसुद्धा ते घरूनच जहाजात घालून आणायचे. आहे की नाही कमाल?

तिथल्या रेड बे या बंदरात 1565 मध्ये त्यांचं एक जहाज बुडालं. 1978 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी पाण्यात बुड्या मारून एक जुनं जहाज शोधलं. बहुधा तेच ते! आणि आसपास हाडंच हाडं!

आता खरी गंमत. हाडात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. तुझ्याही हाडांत आहे! कोलॅजन म्हणजे जणू मण्यांच्या लांबच लांब माळा, तीन-तीन एकत्र पिळलेल्या. हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. गाईच्या माळेत मण्यांचा क्रम एक, सीलच्या माळेत थोडा निराळा. देवमाशांच्या जातींमध्येही कुठे कुठे एखादा मणी बदलतो. तो बदललेला मणीच चुगली करतो!

मणी इतके बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. मग ते ओळखायचे कसे?

हाडाची अगदी छोटी कपची सौम्य आम्लात ठेवतात. हाडाला टणक करणारे क्षार विरघळतात, कोलॅजन उरतं. ते गरम करून त्यात ट्रिप्सिन टाकतात. हे ट्रिप्सिन तुझ्या पोटातही असतं बरं का! आज खाल्लेल्या वरणातली प्रथिनं तोडायचं काम तेही करतं. पण ते वाट्टेल तिथे तोडत नाही. ठरावीक दोन मण्यांनंतरच कापतं! म्हणून एका जातीच्या माळेचे तुकडे नेहमी सारखेच पडतात.

मग त्या तुकड्यांवर लेझरचा झोत सोडतात. सुटले सगळे एका नळीतून! हलके तुकडे आधी पोचतात, जड मागून येतात. कोण किती वेळात पोचला, यावरून यंत्र प्रत्येकाचं वजन काढतं. वजनांची यादी ओळखीच्या प्राण्यांच्या यादीशी ताडून बघायची. जुळली? सापडला हाडाचा मालक! या पद्धतीला झूम्स म्हणतात.

2018 मध्ये जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळची रोमन काळातली हाडं अशीच तपासली, जोडीला डीएनएही पाहिला. काय निघालं असेल? ग्रे व्हेल! आज हा देवमासा राहतो तो थेट प्रशांत महासागरात. अटलांटिकमधून तो कधीच नाहीसा झालाय.

पण एका जोडीपुढे झूम्सही अडतं. राइट व्हेल आणि बोहेड व्हेल. दोघांच्या माळा इतक्या सारख्या, की फरकच कळत नाही! तिथे डीएनएलाच विचारावं लागतं. आधी सगळ्यांना वाटायचं, लॅब्राडोरला बास्क खलाशी दोघांचीही शिकार करत होते. 2008 मध्ये त्यांच्या जुन्या तळांवरच्या हाडांचा डीएनए तपासला. बोहेडची हाडं निघाली 203. आणि राइट व्हेलची? अंदाज कर. शंभर? पन्नास?

फक्त एक!

तोवर तिथले राइट व्हेल कमी होण्याचा मोठा दोष याच खलाशांच्या माथी मारला जायचा. आज उत्तर अटलांटिकमध्ये ते चारशेसुद्धा उरलेले नाहीत. मग ते कमी झाले केव्हा आणि कुणामुळे? हा शोध आता पुन्हा नव्याने घ्यावा लागतोय!