मकरंदाची पाकशाळा

अमरकोशांत मकरंदाचा अर्थ ‘पुष्परस’ असा दिला आहे, आणि कोशाचें काम तेवढ्यानें संपतें. परंतु हा रस फुलांत कोठें व कसा निपजतो, हें जाणण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राचाच आश्रय करावा लागतो. आपल्या परसांतील तांबडी जास्वंद याचें उत्तम उदाहरण होय.

जास्वंदीच्या पांच पाकळ्या तळाशीं एका हिरव्या पेल्यांत बसविलेल्या असतात. या पेल्यास निदलपुंज म्हणतात. तो उभा चिरून पाहिल्यास आंतल्या बाजूस, अगदीं बुडाशीं, दाट लवेचा एक पट्टा आढळतो. हीच मकरंदग्रंथि. यंत्राखालीं ही लव म्हणजे असंख्य सूक्ष्म केसांची दाटी आहे असें दिसतें. प्रत्येक केस अनेक पेशींचा असून त्याचे तळ, देठ, मध्य व शेंडा असे भाग पडतात.

पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून ग्रंथीच्या लगत येते व तेथून पेशीमागून पेशी ओलांडीत केसांत शिरते. देठाच्या पेशीच्या बाजूच्या भिंतींवर मेणचट थर असतो. त्यामुळें रसाला भिंतींतून मागें झिरपतां येत नाहीं. शेवटीं शेंड्याच्या पेशींतून तो बाहेर पडतो. या पेशींत श्वसनाचें कार्य करणारे कण पुष्कळ असतात व रस बाहेर टाकण्यास लागणारी शक्ति ते पुरवितात. म्हणजे मकरंद आपोआप गळत नाहीं. वृक्ष तो श्रमपूर्वक निर्माण करितो.

हा खटाटोप कोणासाठीं? जर्मनींतील क्रिश्चियन कोनराड श्प्रेंगेल या शिक्षकानें १७९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, फुलें मकरंद देऊन कीटकांस बोलावितात व त्यांच्याकडून परागवहनाचें कार्य करवून घेतात. आपल्या जास्वंदीवर मधमाश्यांप्रमाणेंच शिंजीर पक्षीही येतो.

या ज्ञानाचा गृहस्थाशीं निकटचा संबंध आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला म्हणजे कित्येक घरीं कुंडीच्या मातींत इमिडाक्लोप्रिडसारखें कीटकनाशक ओततात. तें मुळांवाटे झाडाच्या सर्वांगांत भिनतें आणि मकरंदांतही उतरतें. मधमाश्यांस होणारा अपाय ध्यानीं घेऊन युरोपीय संघानें २०१८ सालीं या औषधासह त्या वर्गांतील तीन औषधांचा उघड्या शेतांतील वापर बंद केला. आपल्याकडे तर फुलाचें बूड चोखणारीं मुलेंही घरोघर असतात.

तेव्हां वाचकांनीं प्रथम साधा उपाय करावा. पिठ्या पाण्याच्या जोरदार धारेनें धुवून काढावा, साबणाचें सौम्य पाणी शिंपडावें व फार पोखरलेली फांदी छाटून टाकावी. यास चार दिवस अधिक लागतील. परंतु अतिथीसाठीं शिजविलेल्या अन्नांत विष कालविल्याचा दोष आपल्याकडे येणार नाहीं.