आजीचं धुपाटणं आणि सोनूचा दमा

माझं आजोळ बुऱ्हाणपूरचं, राजघाटाजवळचं. तापीच्या पायऱ्या घरापासून चार मिनिटांवर. पावसाळ्यात आमच्या भिंती ओल धरतात, गोधड्यांना कुबट वास येतो आणि मग तिन्हीसांजेला आजीचं धुपाटणं बाहेर निघतं. गोवरीचा निखारा, त्यावर सालईचा डिंक, वाळलेला कडुनिंब, चिमूटभर ओवा. गुरुवारी शेजारच्या घरातून लोबानाचा वास येतो. दोन्ही वास गल्लीत एकत्र झाले की मला आजोळी आल्यासारखं वाटतं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी धुराची वैरीण आहे.

गेल्या श्रावणात माझ्या अकरा वर्षांच्या मामेभावाला, सोनूला, दोन दिवस खोकला होता. त्याला दमा आहे. आजीनं त्या संध्याकाळी त्याच्या खोलीत धुपाटणं मुद्दाम जास्त वेळ फिरवलं, दार लावून घेतलं. 'धूर मुरू दे' म्हणाली. दहा-पंधरा मिनिटांत सोनू पलंगावर पुढे वाकून बसला होता, हात गुडघ्यांवर, आणि एक वाक्य त्याला एका दमात बोलता येत नव्हतं. निळा पंप दिला, तेवढ्यानं भागलं नाही. मामानं त्याला स्कूटरवर पुढ्यात घेऊन दवाखाना गाठला. रात्री तो बरा होऊन परत आला, पण आजी जेवली नाही. "मी त्याच्यासाठीच केलं गं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी हे सगळं नीट समजून घ्यायला बसले.

दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. आपल्याला ज्यानं नुसतं नाक चुरचुरतं, त्यानं त्या नळ्या चवताळतात. भोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर आणखी सुजतं, चिकट कफ साठतो. हवा आत जाते पण बाहेर पडताना अडकते, म्हणून ती शिट्टी वाजते. धूर कडुनिंबाचा असो की ओल्या लाकडाचा, त्यात अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, त्यावरून अंदाज करा. हे कण नाकात अडत नाहीत, थेट खोल जातात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड, बेंझिन हेही धुरात थोडंफार असतंच. वनस्पती औषधी आहे म्हणून तिचा धूर औषधी होत नाही, कारण जळताना पान पान राहत नाही.

यावर मामानं मला मोबाइलवर एक मेसेज दाखवला. 'हवनाचा धूर ९४ टक्के जंतू मारतो.' मला वाटलं थाप असेल. पण नाही! लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा असा अभ्यास २००७ साली खरंच प्रसिद्ध झालाय. तासभर धूर केल्यावर बंद खोलीतल्या हवेतले जिवाणू तेवढे घटले होते. गोम अशी की मोजले गेले ते जिवाणू, माणसाची फुप्फुसं नव्हेत. आणि दमा काही हवेतल्या जिवाणूंमुळे होत नाही. फिनेलनं फरशीवरचे जंतू मरतात, म्हणून ते कुणी हुंगत बसत नाही.

आजीचा मुद्दा यापेक्षा भारी होता. "जुने वैद्य दम्यालाच धूर द्यायचे की!" हेही खरं आहे. धोतऱ्याची पानं ओढायची आपल्याकडची रीत एकोणिसाव्या शतकात विलायतेत गेली आणि तिकडे दम्यासाठी धोतऱ्याच्या विड्या दुकानांत विकल्या जायच्या. त्यांनी आरामही पडायचा, कारण धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन श्वासनळीचे स्नायू सैल करतं. पण धोतरा विषारी, मात्रा हातात नाही, आणि सोबत धूर होताच. पुढे अ‍ॅट्रोपिनपासूनच इप्राट्रोपियम हे औषध तयार झालं. सोनूला दवाखान्यात वाफेच्या मशीनमधून जे दिलं, त्यात तेही होतं. म्हणजे गुण घेतला, धूर टाकला. आजीला हे पटलं, असं मला तरी वाटलं.

आपल्या चॅपलमध्ये ईस्टरला धूपदान हलतं, तेव्हाही मला आता पहिल्या बाकावरची माणसं दिसतात. मराठी बायबलात मागी लोक जो ऊद आणतात, त्याचं झाड आणि आपल्या सातपुड्यातली सालई एकाच कुळातली. वास मधुर, पण धूर तो धूरच. ज्याला दमा आहे त्यानं मागे, दाराजवळ बसावं. यात भक्ती कमी पडत नाही.

मग घर शुद्ध करायचं कसं? खरी अडचण ओल आहे. भिंतीवरची बुरशीही दमा चाळवते आणि धुरानं ती जात नाही, फक्त तिचा वास झाकतो. भिंत साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडी करणं, गोधड्यांना ऊन दाखवणं, झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं, हे कंटाळवाणं आहे पण कामाचं आहे. धूर करायचाच तर अंगणात, तुळशीपाशी, आणि दमेकरी घरात नसताना. नुसती खिडकी उघडून लगेच भागत नाही. बारीक कण तासन्‌तास तरंगतात, वास पडद्यांत बसतो. 'बिनधुराचा' कापूर किंवा सुगंधी तेलही काहींना सोसत नाही. बाळ-बाळंतिणीच्या धुरीबद्दल तर वेगळं सांगायलाच नको, तान्ह्याच्या नळ्या केवढ्याशा! आणि रोजचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. बोलताना शब्द तुटायला लागले, ओठ निळसर दिसले किंवा पंपानं आराम पडेना, तर वाट न बघता दवाखाना.

आजीनं धुपाटणं टाकलेलं नाही. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाली, "तो शिकवणीहून सातला येतो. मी साडेचारला, मागच्या अंगणात केलं तर चालेल ना गं?" मी म्हटलं, चालेल, पण वारा घराकडे नसला तर. "वारा आज नदीकडे आहे," ती म्हणाली. तिनं आधीच बघून ठेवलं होतं.