काळ्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यात यावल-रावेरकडच्या एखाद्या परसात कुदळ मारली तर ती उसळून परत येते. त्यावरून ‘जमीन टणकच आहे, वरून कच पसरा आणि ब्लॉक बसवा’ असा सल्ला सर्रास मिळतो. खानदेशातलं मागचं अंगण खचायला सुरुवात होते ती इथून.

तापीखोऱ्यातली ही काळी जमीन बेसाल्ट झिजून तयार झाली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ते फुगतं, पाणी उडालं की आकसतं. उन्हाळ्यातल्या भेगा त्यामुळेच पडतात. म्हणजे मे महिन्यातला टणकपणा ही मातीची ताकद नव्हे. ती फक्त वाळलेली असते. जूनमध्ये ती पाणी पिऊन फुगते, आणि सगळीकडे सारखी फुगत नाही. पन्हळीखाली जास्त, छपराच्या आडोशाला कमी. ब्लॉक एकीकडे उचलले जातात, दुसरीकडे दबतात.

म्हणूनच ‘पावसाळ्याआधी उरकून घ्या’ ही घाई महागात पडते. माती सर्वांत आकसलेली असते तेव्हाच आपण तिच्यावर फरशी बसवतो. दिवाळीनंतर, ओल मध्यम असताना हे काम काढावं.

‘ब्लॉक जाड घेतला की झालं’ असंही म्हणतात. पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात (आयएस १५६५८) फक्त माणसांच्या वर्दळीसाठी ५० मिमी आणि हलक्या वाहनांसाठी ६० मिमी जाडी पुरते. स्कूटर उभी करायच्या अंगणाला ६० मिमी पुष्कळ झाली. उरलेला पैसा जमिनीखाली घालावा. ४ बाय ३ मीटरच्या अंगणात साधारण ४० सेंमी माती काढायची, म्हणजे जागेवर मोजून पावणेदोन ब्रास. तळाशी जिओटेक्सटाइल कापड अंथरलं तर काळी माती वर मुरमात घुसत नाही. त्यावर २० सेंमी मुरूम, मग १० सेंमी खडी, ३ सेंमी वाळू आणि शेवटी ब्लॉक. माती फार खोल असेल तर तळाच्या थरात वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना मिसळून दाबल्यानं तिचा फुगवटा बराच कमी होतो. साक्रीच्या डोंगराळ भागात मात्र माती अनेक ठिकाणी उथळ आहे आणि मुरूम लवकर लागतो. तिथे एवढी खोदाई उगाच करू नये. आधी एक खड्डा घेऊन पाहावा.

‘मुरमावर भरपूर पाणी सोडा, आपोआप बसेल’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. चिकणमातीत खोदलेला खड्डा हौदासारखा पाणी धरून ठेवतो, आणि जी माती कोरडी राखायची तीच आपण भिजवतो. मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा एवढाच ओला करावा. १० सेंमीचा थर टाकून प्लेट कॉम्पॅक्टरनं किंवा धुमसानं दाबावा, मगच पुढचा थर.

खाली पातळ पीसीसी (साधं सिमेंट काँक्रीट) टाकली म्हणजे चिंता मिटली, असं नाही. खालची माती हलली की ती तडकते, आणि वर झिरपलेलं पाणी तिच्यावर साचून राहतं. चढउतार लपवायला वाळूचा थर जाड करणंही चूक. तो ३ सेंमीच्या आसपास ठेवावा, पातळी खडीतच काढून घ्यावी.

‘ब्लॉकमधून पाणी झिरपतं, उतार कशाला?’ साध्या ब्लॉकमधून फार कमी झिरपतं, आणि जे झिरपतं ते काळ्या मातीला नकोच असतं. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेनं मीटरमागे २ सेंमी उतार द्यावा. कडेला पक्की किनार हवी, नाहीतर ब्लॉक सरकतात. सांध्यांत सिमेंटचं पाणी ओतू नये. माती थोडी जरी हलली तरी ते तुटून खपल्या निघतात. कोरडी बारीक वाळू झाडून भरावी. पहिल्या पावसात ती खाली बसते, तेव्हा पुन्हा एकदा भरावी लागते.