नोंदणी झाली, मान्यतेचे काय?

सप्टेंबर 2024 मध्ये चेन्नईजवळच्या श्रीपेरुम्बुदूर भागात सॅमसंगच्या कारखान्यातले हजाराहून अधिक कामगार संपावर गेले. पगारवाढीची मागणी होतीच, पण घोडे पेंड खात होते युनियनच्या नोंदणीपाशी. युनियनच्या नावात ‘सॅमसंग’ हा शब्द आहे, याला कंपनीची हरकत. पाच आठवड्यांनी संप मिटला. नोंदणीचा वाद मात्र मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी 2025 मध्ये प्रमाणपत्र हाती पडले. सात सभासदांच्या सहीने करायचा अर्ज, आणि त्यासाठी एवढा खटाटोप!

युनियनच्या नोंदणीचा कायदा आला तोही मद्रासमधल्याच एका भांडणामुळे. 1918 साली बी. पी. वाडिया या मुंबईच्या पारशी थिऑसॉफिस्टने तिथल्या गिरणी कामगारांना एकत्र करून मद्रास लेबर युनियन उभी केली. दोन वर्षांतच बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्या चालवणाऱ्या बिन्नी कंपनीने त्यांना कोर्टात खेचले. कामगारांना करार मोडायला चिथावणी दिली, हा आरोप. हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. युनियनशी संबंध तोडायचे वाडियांनी कबूल केले, तेव्हा कुठे दावा मिटला. युनियन चालवली म्हणून कोर्टात खेचले जाऊ शकते, हे सगळ्या देशाला दिसले. 1921 साली कामगार नेते ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात नोंदणी आणि संरक्षणाच्या कायद्याचा ठराव मांडला. कायदा झाला 1926 मध्ये, लागू झाला 1 जून 1927 पासून.

त्याचा गाभा कलम 17 आणि 18 मध्ये होता. नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर, कायदेशीर संघटनाकार्यासाठी केलेल्या आपसांतल्या करारावरून, फौजदारी कटाचा खटला भरता येत नसे. औद्योगिक तंट्यात कामगाराला करार मोडायला लावले, एवढ्यावरून दिवाणी दावाही टिकत नसे. मारहाण, नासधूस यांना अर्थातच हे कवच नव्हते.

बदल्यात कायदा हिशेब मागे. अर्जासोबत नियमावली, पदाधिकाऱ्यांची नावे, वये, पत्ते, व्यवसाय. नंतर दरसाल तपासलेला जमाखर्च. राजकीय कामाचा निधी वेगळा, आणि त्यात पैसे घालण्याची सक्ती कुणावर नव्हती. 2001 च्या दुरुस्तीने दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी तेवढे सभासद बंधनकारक केले. सातच्या खाली मात्र चालत नसे.

इथवर सगळे ठीक. पण प्रमाणपत्र भिंतीवर लागले म्हणजे मालक टेबलावर बसलाच पाहिजे, असे 1926 च्या कायद्यात कुठेही नव्हते. नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा ही फट सर्वांत क्रूरपणे उघडी पडली. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार शहरातल्या कापड उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार एकीकडे, वाटाघाटीचा हक्क दुसरीकडे. हा कायदा रद्द करा, ही संपाची एक मागणीच होती. ती मान्य झाली नाही, आणि हजारो कामगारांची नोकरी कायमची गेली.

इतर उद्योगांसाठी महाराष्ट्राने 1971 च्या कायद्यात वेगळी वाट काढली होती. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सलग सहा महिने किमान 30 टक्के सभासद दाखवणाऱ्या युनियनला औद्योगिक न्यायालय मान्यता देते. म्हणून तर युनियनवाल्यांना पावती पुस्तक जीव की प्राण! महिन्याची वर्गणी कुणाची आली, यावर मान्यतेचा दावा उभा राहतो वा पडतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने 1926 च्या कायद्याची जागा घेतली आणि वाटाघाटी करणाऱ्या युनियनची तरतूद देशपातळीवर आणली. एकाहून अधिक युनियन असतील तर 51 टक्के कामगार जिच्या पाठीशी, ती बोलणी करणार. तेवढे कुणाकडेच नसतील तर वाटाघाटी परिषद, त्यात किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांना जागा. वीस टक्क्यांखालच्या युनियनला नोंदणी असूनही त्या टेबलावर खुर्ची नाही. तेव्हा वर्गणीची पावती फाडून घेताना कामगाराने नोंदणी क्रमांकाबरोबर युनियनची टक्केवारीही जरूर विचारावी.