ओळखपत्रावरील धर्माची नोंद

शासनाने नागरिकास दिलेल्या ओळखपत्रावर नाव, जन्मतारीख, छायाचित्र या तपशिलांबरोबरच त्याचा धर्म किंवा पंथ लिहिण्याच्या प्रथेस ओळखपत्रावरील धर्माची नोंद असे म्हणतात. अशी नोंद असावी की नसावी, आणि असल्यास ती सक्तीची असावी की ऐच्छिक, हा प्रश्न अनेक देशांत न्यायालयांपुढे आला आहे. ग्रीसमध्ये २००० साली यावरून झालेला वाद विशेष गाजला. तुर्कस्तान, इजिप्त व इंडोनेशिया येथील निकालांनी या प्रश्नाच्या वेगवेगळ्या बाजू पुढे आणल्या.

पार्श्वभूमी

ओळखपत्राचे काम समोर उभी असलेली व्यक्ती तीच आहे याची खात्री पटवणे एवढेच असते. छायाचित्र चेहऱ्याशी आणि सही सहीशी पडताळून पाहता येते. धर्म असा पडताळता येत नाही. त्यामुळे ओळख पटवण्यास त्याचा उपयोग नाही, मात्र माणसांची विभागणी करण्यास तो फार सोपा पडतो. नाझी जर्मनीने ऑक्टोबर १९३८ मध्ये ज्यूंची पारपत्रे रद्द ठरवून त्यांवर लाल रंगात ‘जे’ हे अक्षर उमटवण्याची सक्ती केली. लेबनॉनमधील यादवी युद्धात ६ डिसेंबर १९७५ रोजी बैरूतमध्ये रस्त्यांवर नाकी उभारून ओळखपत्रांवरील पंथ पाहून माणसे मारण्यात आली. ती नोंद करणाऱ्या कारकुनाच्या मनात असे काही नव्हते, हे उघड आहे. परंतु कागद कोणाच्या हाती पडेल हे नोंद करणाऱ्याच्या हाती राहत नाही.

ग्रीसमधील वाद

ग्रीसच्या राज्यघटनेतील तिसऱ्या अनुच्छेदात पूर्व ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मास देशातील ‘प्रचलित धर्म’ म्हटले आहे, तर तेराव्या अनुच्छेदात सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य अनुल्लंघनीय मानले आहे. पुढील वाद या दोन अनुच्छेदांच्या मधल्या जागेत वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालेल्या पोलिसी ओळखपत्रावर धर्माचा रकाना होता. १९८६च्या कायद्याने तो ऐच्छिक करण्याचे ठरवले होते, पण १९९१ मध्ये नोंद पुन्हा सक्तीची करण्यात आली. कॅथलिक, ज्यू, मुसलमान व यहोवाचे साक्षीदार या अल्पसंख्य समाजांची अडचण स्पष्ट होती. नोकरी मागताना किंवा बँकेत खाते उघडताना पुढे केलेले पत्र, विचारले नसताही, त्यांचा धर्म सांगून टाकत असे.

ज्यू समाजाच्या बाबतीत या रकान्यास आणखी एक आठवण चिकटलेली होती. जर्मन ताब्याच्या काळात, १९४३ साली, थेस्सलोनिकी शहरातून चाळीस हजारांहून अधिक ज्यूंना आउश्वित्झला पाठवण्यात आले. त्याच काळात अथेन्सचे पोलीसप्रमुख आंगेलोस एव्हर्ट यांनी ज्यूंना ख्रिस्ती नावांची खोटी ओळखपत्रे दिली, आणि आर्चबिशप दमास्किनोस यांच्या पाठिंब्याने धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याचे दाखले पुरवले. कागदावरील खोट्या धर्माने तेव्हा माणसे वाचली. चर्चचे त्या काळातील हे कार्य पुढच्या वादात फारसे कोणी आठवले नाही.

एप्रिल २०००च्या निवडणुकीत कोस्तास सिमितिस यांचे समाजवादी सरकार अल्प मताधिक्याने पुन्हा निवडून आले. पुढच्याच महिन्यात, १९९७च्या कायद्याने स्थापन झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण प्राधिकरणाने निर्णय दिला की ओळखपत्राच्या हेतूसाठी अनावश्यक असलेली माहिती त्यावर असू नये. वगळावयाच्या तपशिलांत बोटाचा ठसा, जोडीदाराचे नाव, व्यवसाय आणि निवासाचा पत्ताही होता. वाद मात्र केवळ धर्माच्या शब्दावर झाला. नागरिकाची संमती असली तरी ही नोंद करता येणार नाही, असे प्राधिकरणाने स्पष्ट केले. सरकारने हा निर्णय स्वीकारला.

ग्रीसच्या चर्चचे प्रमुख आर्चबिशप ख्रिस्तोदुलोस यांनी त्यास कडाडून विरोध केला. जून २००० मध्ये थेस्सलोनिकी येथे आणि पाठोपाठ अथेन्सच्या सिंदाग्मा चौकात प्रचंड सभा झाल्या. ऑर्थोडॉक्स धर्म हा ग्रीक अस्मितेचा अविभाज्य भाग आहे, आणि बहुसंख्य लोकांना तो मिरवावासा वाटत असेल तर शासनाने आड येऊ नये, अशी चर्चची भूमिका होती. चर्चची प्रत्यक्ष मागणी सक्तीची नव्हती; ज्याला हवे त्याला लिहू द्यावे, एवढेच सार्वमताने ठरवावे असे ती होती, ही गोष्ट बाहेरच्या वृत्तांतांत अनेकदा सुटते. त्यासाठी तीस लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या. एक कोटी दहा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या देशात ही संख्या लहान नव्हे. ऑगस्ट २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोस्तिस स्तेफानोपुलोस यांनी घटनेनुसार अशा प्रकारे सार्वमत घेता येत नाही, असे सांगून मागणी अमान्य केली. त्याच वर्षी कौन्सिल ऑफ स्टेट या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ऐच्छिक नोंदही घटनाबाह्य ठरवली होती.

ऐच्छिक नोंद का नको, हा या वादातील खरा कठीण प्रश्न होय. उत्तर असे देण्यात आले की बहुतेकांनी रकाना भरल्यावर न भरणाऱ्याचे मौनही बोलू लागते. आपल्या धर्माविषयी काहीच न सांगण्याचा त्याचा हक्क शेजाऱ्याच्या स्वेच्छेने नष्ट होतो. काही ग्रीक नागरिकांनी उलट बाजूने स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २००२ मध्ये न्यायालयाने तो अर्ज फेटाळताना म्हटले की ओळखपत्र हे धर्माचरणाचे साधन मानता येत नाही.

रिकामा रकाना आणि आडवी रेघ

तुर्कस्तानात एका अलेवी नागरिकाने आपल्या ओळखपत्रावर ‘इस्लाम’ऐवजी ‘अलेवी’ लिहावे अशी मागणी केली. धार्मिक व्यवहार संचालनालयाच्या मतानुसार अलेवी हा इस्लाममधीलच प्रवाह असल्याने ती नाकारण्यात आली. २००६ पासून रकाना रिकामा ठेवण्याची मुभा मिळाली. तरीही युरोपीय न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१० रोजी तुर्कस्तानविरुद्ध निकाल दिला. रिकामा रकानाही धारकास वेगळा पाडतो, म्हणून दोष रकान्यातच आहे, असे न्यायालयाचे मत पडले. ग्रीसमधील तर्क येथे अधिक स्पष्टपणे मांडला गेला.

इजिप्तमध्ये संगणकीकृत ओळखपत्रांवर इस्लाम, ख्रिस्ती व ज्यू हे तीनच धर्म मान्य होते. बहाई लोकांना एक तर खोटे लिहावे लागे, नाही तर ओळखपत्रावाचून राहावे लागे. आणि त्यावाचून शिक्षण, नोकरी, बँक यांपैकी कोणतेच काम सुरळीत होत नसे. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. मार्च २००९ मध्ये मात्र धर्माच्या जागी आडवी रेघ ओढण्यास मान्यता मिळाली. ती रेघ पाहताच धारक बहाई असल्याचे कळते, हे खरे. परंतु ओळखपत्रच नसलेल्या माणसाला ती रेघ मोलाची वाटली तर नवल नाही.

इंडोनेशियातील चित्र वेगळे आहे. तेथील पारंपरिक श्रद्धा मानणाऱ्यांना सहा मान्य धर्मांबाहेरचे म्हणून रकाना रिकामा ठेवावा लागे. त्यांनी रकाना काढून टाकण्याची नव्हे, तर त्यात आपलाही उल्लेख करण्याची मागणी केली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये घटना न्यायालयाने ती मान्य केली. नोंद म्हणजे जाचच, असे सरसकट विधान म्हणूनच करता येत नाही. जेथे रकाना राहणारच आहे, तेथे त्यातून वगळले जाणे हाही अन्यायच ठरतो.

भारत व महाराष्ट्र

भारतीय पारपत्र, मतदार ओळखपत्र व आधार यांवर धर्माचा उल्लेख नसतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि त्यावरून दिल्या जाणाऱ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र महाराष्ट्रात धर्म व जात लिहिण्याची पद्धत आहे. पहिलीत नाव घालताना वडिलांनी किंवा आजोबांनी जे सांगितले आणि गुरुजींनी जे लिहिले, तेच पुढे जातपडताळणी समितीपुढे पुरावा म्हणून येते. त्या घाईच्या नोंदीवर पुढच्या पिढ्यांचे हक्क अवलंबून राहतात.

येथे नोंदीचा संबंध सवलतीशी आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. १९५६ साली नागपूर येथे बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांपुढे त्यामुळे दीर्घकाळ पेच होता: दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहावे तर केंद्राच्या सवलती जात, पूर्वीचा धर्म लिहावा तर घेतलेल्या दीक्षेशी कागद विसंगत ठरे. रकाना काढून टाकण्याचा ग्रीक उपाय येथे जसाच्या तसा लावता येत नाही तो याच कारणाने.

सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर महत्त्वाचा निकाल दिला. आपला कोणताही धर्म नाही अशी राजपत्रात नोंद करून मागणाऱ्यांना शासकीय मुद्रणालयाने नकार दिला होता. न्यायालयाने म्हटले की राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील स्वातंत्र्यात कोणताही धर्म न मानण्याचे स्वातंत्र्यही येते आणि कोणत्याही शासकीय प्राधिकाऱ्यास अर्जात वा घोषणापत्रात धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही.