केसांखालची बाजरी

मराठीत कातडीच्या रोगांना नावांची वाण नाही. लूत, खरूज, नायटा, गजकर्ण, इसब, खवडे, चाई. यांतली लूत आपण कुत्र्याला दिली, खरूज शेळ्यामेंढ्यांना (आणि एके काळी शाळेतल्या पोरांना), गोचीड गाईम्हशींना. मांजराच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. आपल्या भाषेत मांजर आडवं जातं, डोळे मिटून दूध पितं, गळ्यात घंटा बांधून घेत नाही. पण त्याला खाजत मात्र नाही. हा नुसता भाषेचा प्रश्न असता तर मी त्यात पडलो नसतो. पण खाज ओळखली गेली नाही म्हणून चुकीचं औषध लावून मेलेली आणि पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेली मांजरं मला माहीत आहेत.

गेली काही वर्षं शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत, न्हावरा-चौफुला रस्त्याच्या अल्याड-पल्याड, घरात राहणाऱ्या मांजरांच्या कातडीविषयी मी विचारत फिरतो आहे. मी पशुवैद्य नाही. पुस्तकं, शोधनिबंध आणि दवाखान्याच्या बाकावर शेळीवाल्यांच्या रांगेत बसून डॉक्टरांना विचारलेले प्रश्न, एवढंच माझं शिक्षण. तेव्हा हा लेख म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. आपण काय पाहतो आणि काय पाहायचं राहून जातं, एवढाच त्याचा विषय.

इथलं मांजर मुळात घरातलं नव्हतंच. ते कणगीचं, बळदाचं, खळ्याचं. बाजरी-ज्वारी राखायची, मोबदल्यात दूधभाकरी. आजारी पडलं तर ते दिसेनासं व्हायचं आणि विषय संपायचा. आता रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरकडे कारखान्यांबरोबर इमारती आल्या, दौंडच्या रेल्वे वसाहतीत मांजरं क्वार्टरच्या आत निजू लागली, आणि घोड-भीमेच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या भीतीनं वस्तीवरचीही काही मांजरं दिवेलागणीला आत कोंडली जातात. मांजर प्रथमच रोज डोळ्यांसमोर आहे. सरकारच्या डोळ्यांसमोर मात्र अजून नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत गाईपासून याक, ससा, हत्तीपर्यंत जनावरं आहेत, मांजर नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी : मांजराच्या पोटावरचे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस गेले. कातडी गुळगुळीत, जखम नाही, पुरळ नाही. मांजर खातंपितं, खेळतं. ‘खाजवतं का?’ असं विचारलं की ठाम उत्तर येतं, ‘छे, कधीच नाही. चाटत मात्र बसतं. स्वच्छ प्राणी आहे हो.’ शिरूरच्या एका शिक्षिकेनं मला हे अगदी अभिमानानं सांगितलं होतं.

खरी अडचण इथंच आहे. कुत्रं खाजलं की पाय झाडत खाजवतं, म्हैस खांबाला घासते. मांजर पुष्कळदा चाटतं. जॉर्जिया टेकमधील अॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी 2018 मध्ये मांजराच्या जिभेवरच्या काट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक काट्याच्या टोकाला पन्हळीसारखी पोकळी असते, तिच्यातून लाळ केसांच्या तळापर्यंत पोचते. असं हत्यार रोज त्याच जागी फिरलं तर केस तुटणारच. शिवाय मांजर हे पुष्कळदा एकांतात करतं, रात्री किंवा पलंगाखाली. म्हणजे ज्या गोष्टीचं आपण कौतुक करतो तीच खाजेची खूण असू शकते, आणि ती खूण आपल्यामागे घडते.

केस गळले की चाटले, हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. टक्कल पडलेल्या जागेच्या कडेचे चार केस डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. टोकं निमुळती असतील तर केस आपसूक गळले. मोडलेली, चिरफाळलेली असतील तर जिभेनं तोडले. घरीही बोट उलटं फिरवलं तर तुटक्या केसांचे खुंट दाढीसारखे लागतात.

चाटलेलं आहे हे ठरलं की हल्ली दुसरा शब्द तयार असतो : टेन्शन. घर बदललं, बाळ आलं, दुसरं मांजर आणलं, म्हणून ते स्वतःला चाटतं. आपल्या काळाला हा खुलासा फार आवडतो. 2006 साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक निबंध आला. ‘मानसिक कारणानं केस घालवलेली’ असं ज्यांच्याबद्दल मानलं गेलं होतं अशी 21 मांजरं संशोधकांनी नीट तपासली. त्यांतल्या 16 मांजरांना खाज आणणारं शारीरिक कारण निघालं. 3 मांजरांत दोन्ही कारणं होती. निव्वळ मनाचा आजार निघाला फक्त 2 मांजरांत. मांजरं थोडी आहेत हे खरं, पण तेव्हापासून ‘टेन्शन’ हा शब्द मी यादीच्या तळाशी ठेवला आहे. आधी बाकीचं सगळं तपासून बाजूला काढायचं, मग मन.

बाकीच्यात पहिला क्रमांक पिसवेचा. इथं लोक चिडतात. ‘अहो, ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, पिसवा येणार कुठून? आणि एक तरी दिसायला नको का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींना उत्तर आहे.

दुसऱ्याचं आधी. पिसू दिसत नाही, कारण मांजरानं ती खाल्लेली असते. एकस्टाइन आणि हार्ट यांनी 2000 साली पिसवांनी भरलेल्या एका घरातल्या काही मांजरांच्या गळ्यात चाटता येणार नाही अशी पट्टी बसवली आणि काहींना मोकळं ठेवलं. तीन आठवड्यांनी पट्टीवाल्यांच्या अंगावर मोकळ्यांच्या मानानं सुमारे दुप्पट पिसवा होत्या. म्हणून पिसू शोधू नये, तिच्या खुणा शोधाव्यात. उवांची बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर फिरवायची, निघालेली काळी कोंड्यासारखी कणी ओल्या पांढऱ्या कापसावर टाकायची. माती असेल तर काळीच राहते. पिसवेची विष्ठा असेल तर भोवती तांबूस-तपकिरी ओघळ उमटतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. दुसरी खूण मांजराच्या गुदद्वाराशी किंवा अंथरुणावर भाताच्या वाळल्या शितासारखे तुकडे. तो पट्टकृमी बहुधा पिसू गिळल्यानं होतो. शीत सापडलं म्हणजे पिसू असण्याची शक्यता मोठी.

आता ती आली कुठून? उंदराबरोबर, दारातल्या कुत्र्यावरून, कधी आपल्या विजारीवरून. एक मादी आली तरी पुरे, कारण पुढचा संसार ती घरात मांडते. अंडी मांजराच्या अंगावरून खाली घरंगळतात. अळ्या फरशीच्या फटीत, सतरंजीखाली, पलंगाच्या सांध्यात मोठ्यांची ती रक्ताळ विष्ठा खाऊन वाढतात, मग कोश विणतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. पावलांची थरथर, अंगाची ऊब लागली की बाहेर पडते. अळ्यांना मात्र दमट हवा लागते, हवेतला ओलावा निम्म्याखाली गेला की त्या सुकून मरतात. आपले दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. चैत्र-वैशाखात शिरूरच्या उघड्या अंगणात अळी जगणं अवघड. पण त्याच दिवसांत आपण घरात पाण्याचा कूलर लावतो, खिडक्या मिटतो आणि खाली सतरंजी अंथरतो. बाहेर जी मरते ती आत पोसली जाते. घरातलं मांजर सुरक्षित, हे गृहीतक इथं उलटं पडतं.

काही मांजरांना तर एखाददुसरा चावाही पुरतो, कारण वावडं पिसवेच्या लाळेचं असतं. त्यांच्या पाठीवर, मानेवर केसांखाली बारीक खरखरीत पुटकुळ्या येतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, बोटांना लागतात. इंग्रजी वैद्यकात याला ‘मिलियरी डर्माटायटिस’ म्हणतात. लॅटिनमध्ये मिलियम म्हणजे बारीक भरडधान्य. शिरूरच्या माणसाला हे समजवायला शब्दकोश लागत नाही. ‘पाठीत बाजरी लागते का बघा’ एवढं म्हटलं की हात आपोआप बरोबर जागी जातो. फक्त ही बाजरी म्हणजे रोगाचं नाव नव्हे. ताप जसा रोग नसून खूण, तशीच ही खूण. कारण बहुधा पिसू, पण कधी उवा किंवा खरजेचे किडे, कधी अन्नाचं वावडं.

अन्नाचं तपासणं कठीण. आजवर कधी न दिलेलं एकच मांस किंवा डॉक्टरांनी सुचवलेलं खास खाद्य साधारण आठ आठवडे द्यायचं, दुसरं काहीही नाही. बोंबलाचं डोकं नाही, दुधाचं बोट नाही, शेजारच्या काकूंचा बिस्किटाचा तुकडाही नाही. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात हा प्रयोग काकूंपाशी मोडतो.

वरच्या ओठावर खोलगट, न दुखणारा व्रण दिसला की ‘उंदीर चावला’ म्हणतात. गंमत अशी की जुन्या इंग्रजी पुस्तकांतही त्याला उंदराचंच नाव आहे. उंदराचा त्याच्याशी संबंध नाही. तोही बहुतेकदा वावड्याचाच प्रकार. नाकाच्या दांडीवर आणि कानांच्या पाळीवर खपल्या येत असतील, त्याही पावसाळ्यात, तर डासांचा विचार करावा. मेसन आणि इव्हान्स यांनी 1991 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मांजरांत हे दाखवलं. डासांपासून दूर ठेवल्यावर व्रण बरे झाले. खडकवासल्याच्या कालव्यावरच्या दौंड तालुक्यात, उसाला लागून असलेल्या घरांत, संध्याकाळी खिडकीत बसणाऱ्या मांजराला याहून सोपं कारण शोधायला नको. पांढऱ्या मांजराच्या कानाची टोकं मात्र वेगळी गोष्ट. तिथं उन्हानं कर्करोगही होतो, म्हणून न भरणारी खपली ताबडतोब दाखवावी.

नायट्याविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण मांजराची हकालपट्टी होते ती त्यापायी. मांजराचा नायटा बहुतेक वेळा ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ या बुरशीचा. तो माणसाला होतो, मुलांना विशेष, आणि बहुधा जिथं मांजर कवटाळलं जातं तिथं : हात, मान, चेहरा, डोकं. पण गेली काही वर्षं आपल्याकडे नायट्याची जी हट्टी साथ आहे, कंबरेला, जांघेत मोठमोठी चकंदळं, नेहमीच्या औषधाला दाद न देणारी, तिच्यामागे मुख्यतः दुसरीच बुरशी आहे. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव दिलं. ती माणसाकडून माणसाकडे जाते. एकाच टॉवेलातून, ओल्या कपड्यांतून. रांजणगावकडच्या एका घरात वडिलांच्या कंबरेला नायटा होता, मग तो मुलाला झाला, आणि दोष गेला सहा महिन्यांच्या मांजरावर. वडिलांचा नायटा मांजराच्या आधीचा होता, हे त्यांच्या पत्नीनं चहा देता देता सांगितलं. मांजर तोवर घरात नव्हतं.

दोष ठरवण्याआधी तपासणी होऊ शकते. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञानं 1903 मध्ये अतिनील किरण गाळणारी काच तयार केली. 1925 मध्ये फ्रान्समध्ये मार्गारो आणि दवेझ यांनी त्या प्रकाशात नायट्याचे केस चमकतात हे दाखवलं. मायक्रोस्पोरमनं ग्रासलेला केस हिरवट सफरचंदी रंगानं उजळतो. चमकला नाही म्हणजे निर्दोष असंही नाही. मग केस प्रयोगशाळेत रुजत घालावे लागतात आणि दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. मांजर अंगावर एकही डाग नसताना बुरशी वाहू शकतं, लांब केसांचं पर्शियन तर विशेषच.

आता औषधांचं. हे गाईम्हशींचे तालुके. घराघरांत गोचिडाच्या औषधाची बाटली असते, कुत्र्यासाठीची पावडर असते, फिनेल, रॉकेल, डांबराच्या गोळ्या असतात. मांजराला खाजतं म्हटल्यावर हात तिकडे जातो. मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लॅट यांनी 2000 साली दाखवलं की काही विषारी द्रव्यं यकृतात निकामी करणारं एक जनुक मांजरात मोडकं आहे. म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कार्बोलिक जातीच्या फिनेलाचं विषही मांजराच्या यकृताला नीट पेलत नाही. कुत्र्याच्या पिसवांचं परमेथ्रिन मांजराला झटके आणतं. गोचिडासाठीची सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही त्याच कुळातली. आणि मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घेतं. दिवाळीच्या साफसफाईत ओल्या फिनेलाच्या फरशीवरून चाललेलं मांजर नंतर पंजे चाटत बसतं, तेव्हा ते स्वच्छता करत नसतं.

मांजरासाठीच बनवलेली, मानेवर टाकायची पिसवांची औषधं आता पुण्यात सहज मिळतात, आपल्याकडे मागवावी लागतात. ती डॉक्टरांनी वजन करून सांगावीत, घरातल्या सगळ्या जनावरांना एकदम द्यावीत, आणि तीन महिने चुकवू नयेत. तीनच का, तर कोशात दडलेल्या पिसवा त्या काळात पाळीपाळीनं बाहेर येत राहतात. ‘औषध टाकलं तरी पिसवा दिसल्या’ म्हणून पुष्कळजण दुसऱ्याच महिन्यात सोडून देतात. सोबत दर आठवड्याला अंथरुणं गरम पाण्यात आणि फटी झाडून केर बाहेर.

तालुक्याच्या दवाखान्यात गाभण गाय आणि विषबाधा झालेली शेळी यांच्यामध्ये मांजराची पिशवी घेऊन उभं राहायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांना वेळ थोडा असतो, म्हणून चार गोष्टी लिहून न्याव्यात : केस प्रथम कुठून गेले, कोणत्या महिन्यात, घरात आणखी कुणाला खाजतं, आजवर काय काय लावलं. फणीतली कणी कागदाच्या पुडीत बांधून न्यावी. आणि इंजेक्शन दिलं तर ते कशाचं, हे विचारून वहीत टिपावं. दीर्घ परिणामाच्या स्टिरॉइडनं मांजर आठ दिवसांत चाटायचं थांबतं, केस येतात, सगळे खूश होतात. कारण तसंच राहतं आणि दोन-एक महिन्यांनी परत उगवतं; वारंवार दिलं तर मधुमेहाचा धोका. दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या एका बोक्याला अशी तीन इंजेक्शनं मिळाली होती, तीन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि कुठंच आधीच्याची नोंद नव्हती. चौथ्या डॉक्टरांनी इंजेक्शन न देता फणी मागितली.