मोटारसायकलची साखळी व दातेरी चक्रे : झीज आणि निगा

बैलगाडीच्या काळात आसाला वंगण दिल्यावाचून लांबच्या वाटेला गाडी जुंपली जात नसे. वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. आता बऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडीसारख्या गावांतून मळ्यात जाणे, दुधाचे कॅन पोहोचविणे, खताची गोणी आणणे, मुलांना शाळेत सोडणे ही सारी कामे मोटारसायकलवर होतात. परंतु वंगणाची जुनी सवय गाडीबरोबर मागे पडली. इंजिनातील तेल वेळेवर बदलले जाते, कारण मेकॅनिक त्याची आठवण करून देतो. साखळी मात्र पत्र्याच्या आवरणाखाली झाकलेली असते. ती वाटेत उतरली किंवा तुटली म्हणजेच तिची आठवण होते.

इंजिनाची शक्ती मागील चाकापर्यंत नेण्याचे काम ही साखळी करते. तिचे एक टोक इंजिनाजवळील लहान दातेरी चक्रावर व दुसरे मागील चाकावरील मोठ्या चक्रावर फिरते. या चक्रांना स्प्रॉकेट म्हणतात. आजच्या साखळीचा मूळ आराखडा मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये सिद्ध केला. पिन, पिनीभोवती बुश आणि बुशाभोवती फिरणारा रोलर अशी तिची रचना असते. दात्यावर रोलर टेकतो व फिरतो, त्यामुळे घर्षण कमी होते.

‘साखळी ताणली’ असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन व बुश यांच्यामध्ये धूळ शिरते, तेल वाळते आणि प्रत्येक सांध्यात केसाएवढी झीज होते. शंभराहून अधिक सांध्यांची ही झीज एकत्र आली म्हणजे साखळी लांबलेली दिसते. तापीच्या खोऱ्यातील काळ्या मातीची उन्हाळ्यात बारीक धूळ होते आणि पावसाळ्यात चिकट चिखल होतो. दोन्ही साखळीला सारखेच घातक. तेलात कालवलेली धूळ घासकागदाप्रमाणे काम करते.

खरे नुकसान पुढेच आहे. लांबलेल्या साखळीच्या कड्यांमधील अंतर आणि चक्राच्या दात्यांमधील अंतर जुळेनासे होते. रोलर दात्याच्या बुडाशी न बसता वर सरकतो, आणि सगळा ओढा थोड्याच दात्यांवर येतो. दाते एका बाजूने झिजून टोकदार व आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात. चक्राच्या दात्यांचा पृष्ठभाग उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेला असतो. तो थर झिजला की आतील मऊ पोलाद फार वेगाने झिजते. म्हणून फक्त साखळी नवी घालून पैसे वाचविण्याचा विचार फसवा ठरतो. जुने वाकडे दाते नव्या साखळीलाही थोड्याच दिवसांत खराब करतात. साखळी व दोन्ही चक्रे, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ‘चेन सेट’ म्हणतात तो, एकत्रच बदलणे अंती स्वस्त पडते.

लहान चक्र आधी झिजते. पुढे 14 व मागे 42 दाते असतील तर मागील चाकाच्या एका फेऱ्यात लहान चक्राचे तीन फेरे होतात. चाकाचा परीघ सुमारे 1.9 मीटर धरला, तर एका किलोमीटरला चाक सव्वापाचशे वेळा आणि लहान चक्र पंधराशेहून अधिक वेळा फिरते. हे गणित वर्गात विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यासारखे आहे.

झीज मोजण्यास शाळेतील 30 सेंटिमीटरची पट्टी पुरते. 100 ते 125 सीसीच्या बहुतेक गाड्यांत साखळीच्या दोन पिनांमधील अंतर 12.7 मिलिमीटर असते. म्हणजे ओढून सरळ केलेल्या 20 कड्या 254 मिलिमीटर भरल्या पाहिजेत. हेच माप 259 च्या आसपास गेले तर साखळी दोन टक्के लांबली असून ती बदलण्याची वेळ आली, असे समजावे.

साधारण 500 किलोमीटरनंतर, व पावसात चालविल्यास त्याआधीच, साखळी रॉकेलात बुडविलेल्या ब्रशने पुसून कोरडी करावी आणि 90 क्रमांकाचे गिअर ऑइल आतील बाजूने कड्यांवर सोडावे. जादा तेल कापडाने टिपून घ्यावे. इंजिनातून काढलेले काळे तेल फुकट मिळते म्हणून ते साखळीला लावू नये. त्यात धातूचा बारीक कीस असतो. सांध्यांत रबरी कड्या असलेल्या साखळीला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश लावू नये. हे काम इंजिन बंद ठेवून, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, चाक हाताने फिरवूनच करावे. इंजिन चालू ठेवून कापड धरल्यास बोट साखळीत सापडते, आणि ते वाचत नाही.

साखळी घट्ट असावी हा समजही चुकीचा आहे. मधोमध वर-खाली दाबून 20 ते 30 मिलिमीटर सैलपणा असावा. अचूक माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मागे दोन गोण्या लादल्या की चाक वर उचलले जाते आणि साखळी आपोआप ताणली जाते. आधीच घट्ट असलेल्या साखळीचा ताण मग बेअरिंगवर येतो किंवा साखळी तुटते. धावत्या गाडीत तुटलेली साखळी चक्रात अडकली तर मागचे चाक जागीच बंद पडू शकते. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी सैलपणा पाहावा व सर्वांत घट्ट जागेवरून माप ठरवावे. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात. अन्यथा चाक तिरके राहून दात्यांची एकच कड झिजते. चाक मागे सरकल्याने ड्रम ब्रेकची काडीही ताणली जाते. म्हणून ब्रेक पुन्हा तपासावा.

साखळी जोडताना लॉकच्या पट्टीचे बंद टोक साखळीच्या चालीच्या दिशेने आणि उघडे तोंड मागे राहील असे पाहावे. उलट बसविलेले लॉक खडा लागताच निसटते. शेवटी पत्र्याचे आवरण परत बसवावे. आवाज करते म्हणून ते काढून ठेवणारे पुष्कळ आहेत, परंतु धूळ अडविण्याचे आणि मागे बसलेल्या स्त्रीचा पदर साखळीपासून दूर ठेवण्याचे काम तेच करते. चाकाच्या बाजूचा साडी गार्ड वेगळा; केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 123 अन्वये मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे.